पंचफुलाची घागर

आमच्याकडे ज्या घरी वर्षभरात माणूस गेलं असेल, त्या घरी पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाची घागर भरतात. कुंभाराकडून कोरी घागर आणायची, तिच्यात पाणी भरायचं, वर आंबा ठेवायचा आणि मेलेल्याचं नाव घ्यायचं. बाई सवाष्ण गेली असेल तर तिच्या जागी एक सवाष्ण पाटावर बसवून जेवू घालायची. ती जेवली म्हणजे मेलेली जेवली. घागर भरली की माणूस पितरांत मिळतं, मग घराभोवती फिरत नाही. नाही भरली तर पुढच्या आखाजीपर्यंत तहानलेलं राहतं. हे मी लहानपणापासून ऐकत आलो. खरं की खोटं, याचा विचार कधी केला नव्हता. तो करायची वेळ यंदा आली.

माझी बायको पंचफुला गेल्या कार्तिकात गेली. अमरावतीला राजापेठेत, भाड्याच्या खोलीत तिला ताप आला. दवाखान्यात नेलं. रक्तातल्या पेशी कमी होत चालल्या असं डॉक्टर सांगत राहिले. आठवडा झाला नाही तोच ती गेली आणि मी तिला गाडीतून गावी आणलं.

आम्ही माळी. गाव अकोला जिल्ह्यात, पातूरकडे. विहिरीची थोडी जमीन, तिच्यात शेवंती, झेंडू, वांगी, मेथी. मी सातवीपर्यंत शिकलो. पंचफुला चौथीपर्यंत, कारण तिच्या माहेरी शाळाच चौथीपर्यंत होती. आम्हाला एकच मुलगी, रागिणी. दहावीत तिला चांगले मार्क पडले तेव्हा शाळेतले सर घरी आले आणि म्हणाले, हिला अमरावतीला पाठवा, चांगले क्लास लावा, डॉक्टर होईल. पोरगी एकटी परगावी ठेवायची पद्धत आमच्यात नाही. पंचफुला म्हणाली, मी जातो तिच्यासंगं.

माझी मोठी बहीण माणिकबाई जवळच्याच गावात दिलेली आहे. मी तिला बाईच म्हणतो. ती तेव्हा म्हणाली होती, नवरा इकडे अन् बायको तिकडे, हे कोणाचं शिक्षण हाय? पण पंचफुला गेली. राजापेठेत एक खोली घेतली. खाली दुकानं, समोर क्लासच्या पाट्या, दिवसभर गाड्यांचा आवाज. मी महिन्यातून दोनदा भाजीचं पोतं घेऊन जायचो, एक रात्र राहायचो आणि परत यायचो. माझी बायको तिथं असूनही त्या खोलीत मी पाहुणाच होतो.

ती रिकामी बसणारी बाई नव्हती. फूलबाजारातून फुलं आणायची आणि दुकानांसाठी हार ओवायची. पोरगी पलंगावर पुस्तक घेऊन, ही खाली सुईदोरा घेऊन. रागिणी मनात वाचायला लागली की ही म्हणायची, मले ऐकू येईन असं वाच. इंग्रजीत वाचलं की म्हणायची, आता हेच आपल्या बोलीत सांग. पोरगी सांगायची. जिथं समजायचं नाही तिथं पंचफुला सुई थांबवायची आणि म्हणायची, "मंग?" पोरगी पुन्हा सांगायची, दुसऱ्या तऱ्हेनं. हिला समजेपर्यंत पोरीला पक्कं झालेलं असायचं. क्लासात दीडशे पोरं, तिथं कोण कोणाला मंग विचारतो.

त्या नादात पंचफुलाही बरंच शिकली. एकदा दिवाळीला गावी आली तेव्हा माणिकबाईला सांगत होती, काळजाले चार खोल्या असतात म्हणे बाई, तुमच्या भावाच्या तीन खोल्यांत सरकीची ढेपच भरून हाय, चौथीत मी कशीबशी राहतो. बाई पदर तोंडाला लावून हसली होती.

पहिल्या वेळी डॉक्टरकीच्या परीक्षेत रागिणीचा नंबर थोडक्यात हुकला. पुन्हा बसायचं ठरलं आणि मध्येच हे झालं.

तेरवी झाली त्या दिवशी बाईनं विषय काढला. घरात मयत झालं तर लग्न वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. मुलगा तिच्या पाहण्यात होता, बियाणं-खताचं दुकान होतं त्याचं. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. बाई म्हणाली, होऊ दे, पण यावेळी लागलं तर लागलं, नाही लागलं तर जेठात लगन. मी हो म्हटलं. रागिणी तिथंच उभी होती, तिनं ऐकलं. मग आपली बॅग भरायला लागली.

ती घरमालकिणीच्या भरवशावर पुढं गेली. महिनाभरात मी जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिली आणि पंचफुलाच्या जागी राजापेठेत राहायला आलो. पहाटे एका ओळखीच्या भाजीवाल्याकडे माल निवडून मांडायचं काम धरलं. दुपारी घरी येऊन स्वयंपाक करायचो. रागिणी माझ्या हातचं काहीही न बोलता खायची. एकदाच पोळी हातात धरून म्हणाली, बाबा, हे पोळी हाय का पाटी? हिवाळाभरात तेवढंच काय ते आम्ही हसलो.

घरमालकीण पार्बताबाई खाली राहते. एक दिवस तिनं मला जिन्यात थांबवलं आणि विचारलं, पोरीसंगं सकाळी कोण असते? मी म्हटलं, कोणी नाही.

"मंग ती बोलते कोणासंगं?"

मी म्हटलं, मोठ्यानं वाचायची सवय आहे तिला. पार्बताबाई म्हणाली, वाचणं अन् बोलणं मले कळते भाऊ.

त्यानंतर मी एकदा काम लवकर आटोपून आलो आणि दाराबाहेर उभा राहिलो. रागिणी सांगत होती, शरीरात पाणी कमी पडलं की मेंदूतून एक रस सुटतो, तो मूत्रपिंडाला सांगतो की पाणी सोडू नको, धरून ठेव. मग ती थांबली. समोरच्यानं काही विचारायला जेवढा वेळ लागतो तेवढीच थांबली. मग म्हणाली, "नाही वं आई. आपण पेलो ते नाही. रक्तातलं पाणी." आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, जास्त सोपं करून.

मी दार लोटलं. खोलीत ती एकटीच होती. दचकली नाही. बाबा, लवकर आले, एवढंच म्हणाली.

मला भीती वाटली, पण त्याहून दुसरंच काही जास्त वाटलं. पंचफुला गेल्यावर महिनाभर मी गावच्या घरात एकटा होतो. रोज वाट पाहिली. कुठं भांडं वाजेल, कुठं दार सरकेल. काही झालं नाही. माझ्याकडे ती आली नाही. मग माझ्या ध्यानात आलं की गावचं घर तिनं दोन-अडीच वर्षांपूर्वीच सोडलं होतं. ती असलीच तर या खोलीतच असणार.

माणिकबाईला मी फोनवर थोडंसं सांगितलं. बाई म्हणाली, पोरीत जीव अडकला तिचा, आखाजीले घागर भरली का मोकळी होईन, तू कायजी नको करू.

आखाजी बुधवारी होती. परीक्षा त्यानंतरच्या रविवारी. आठ दिवस आधी मी दुपारची कणीक मळत होतो तेव्हा रागिणी पुस्तकातून वर न पाहता म्हणाली, "बाबा, यंदा आईची घागर नका भरू."

"काहून?"

"घागर भरली का ती जाईन. मंग पेपरापर्यंत मी काय करू?"

मी म्हटलं, असं काही नसते बेटा.

"नसते तर मंग भरता कायले?"

मी कणीक मळत राहिलो. मग विचारलं, ती दिसते का तुला? रागिणी म्हणाली, दिसत नाही. आवाजही येत नाही. पण कुठं चुकले की मला थांबावं लागतं, पुढं जाता येत नाही. मग नीट सांगितलं की जाता येतं.

"मले समजते बाबा, ती मेली हाय. मीच होतो दवाखान्यात. पन एकटीले माह्यानं होत नाही. पेपर होऊ द्या, मंग भरा घागर."

घागर वाटेल त्या दिवशी भरत नाहीत, हे तिला ठाऊक नव्हतं. लहानपणी भरलेल्या घागरी तेवढ्या पाहिल्या होत्या, आणि दहावीनंतर आखाजीला ती गावात कधी नव्हतीच, क्लास असायचे. मी सांगणार होतो, पण तिनं पान उलटलं होतं.

मंगळवारी मी बसनं अकोल्याला आणि तिथून पुढं गावी गेलो. ऊन असं होतं की बसची खिडकी धरता येत नव्हती. वाटेत सगळी पंचफुलाच डोक्यात. आमच्या वावरात ती तण निंदायला बसली की पाण्यासाठी उठायची नाही. बाकीच्या बाया उठून माठापर्यंत जाऊन यायच्या. ही म्हणायची, ओळ संपली का पिऊ. कितीदा मी तांब्या नेऊन पुढं केला, तर हातानंच बाजूला सारायची. अशा बाईला वर्षभर तहानलेली ठेवायची म्हणजे काय, आणि पोरीला एकटी सोडायची म्हणजे काय, हे मला ठरवता येत नव्हतं. घरी पोचलो तेव्हाही ठरलं नव्हतं.

माणिकबाई आधीच आली होती. तिनं ओसरी सारवली होती आणि तीन कोऱ्या घागरी मांडल्या होत्या. एक आमच्या वडिलांची, एक आईची, या दरवर्षीच्या, आणि तिसरी पंचफुलाची. पंचफुलाच्या जागी बसायला शेजारच्या बेबीताईला सांगितलं होतं. दोघी बरोबरच्या, एकाच गावच्या लेकी, बरोबरच निंदायला जायच्या.

बुधवारी सकाळी स्वयंपाक झाला. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडया. बेबीताई न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. बाईनं तिचे पाय धुतले, कुंकू लावलं. ताट वाढलं. मी पाहत होतो. बेबीताई तशी पंचफुलासारखी दिसत नाही, पण पाटावर खाली मान घालून बसली तेव्हा मला तिच्याकडे पाहवेना.

वडिलांची घागर भरली, नाव घेतलं. आईची भरली, नाव घेतलं. बाईनं तिसरी घागर पुढं सरकवली आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"घे नाव."

मी तांब्या धरून बसलो. बाईला वाटलं मला रडू येतंय. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, घे बापा, तहानली असंन ती.

मी तांब्या खाली ठेवला.

"हे घागर यंदा नाही भरत, बाई."

बाईला समजलंच नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, "पोरीची परीक्षा हाय रविवारी. पंचफुलाची ओळ राहिली हाय. संपू दे."

"मेलेल्या बाईची कायची ओळ?" बाई ओरडली नाही, हळूच बोलली, म्हणून जास्त लागलं. "जित्तेपनी पोरीपायी तिकडे जाऊन राहिली. आता मेल्यावरई तिले तिकडेच राबवतं का रे तू? अन् पोरगी वेडी होऊन राहिली, ते नाही दिसत तुले?"

हे मला येताना बसमध्ये सुचलं नव्हतं असं नाही. पण तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते खरं वाटलं, आणि खरं वाटूनही माझा हात तांब्याकडे गेला नाही. पंचफुलाला विचारता आलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, एवढं मला माहीत होतं. बाकी काही माहीत नव्हतं.

बेबीताई पाटावरून उठली. सवाष्ण भरल्या ताटावरून उपाशी उठणं आमच्यात फार वाईट मानतात. तिनं कपाळाचं कुंकू पुसलं नाही, तसंच राहू दिलं. दारात थांबली आणि म्हणाली, "भाऊजी, मी उपाशी राहिलो तरी मले काही होत नाही. पन तिचं पाहा. ऊन लय हाय."

ते ताट बाईनं गाईपुढं ठेवलं. स्वतः जेवली नाही. दुपारच्या उन्हातच आपल्या गावी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली की आता पोरीच्या लग्नाचं तू पाह्य अन् तुह्या बायकोचंही तूच पाह्य. कोरी घागर मी उचलून माजघरात पालथी घातली आणि संध्याकाळच्या बसनं निघालो.

खोलीवर पोचलो तेव्हा रागिणी जेवायची थांबली होती. तिनं विचारलं, "भरली?"

"नाही."

ती उठली. ताटं घेतली. जेवण झाल्यावर पुस्तक घेऊन बसली आणि सांगायला लागली. मी भिंतीशी बसून ऐकत होतो. ती थांबली की मीही कान द्यायचो. त्या थांबण्यात मला काही ऐकू आलं नाही. पण ती थांबत होती, आणि थांबून पुढं जात होती. मला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच मग भीती वाटली.

त्या दिवसांत खोलीतल्या माठातलं पाणी लवकर सरायला लागलं. सकाळी भरलेला माठ दुपारी मी कामावरून येईपर्यंत तळाला गेलेला असायचा. वैशाखात माठ झिरपतो, दोन माणसं पितात, हे मलाही कळतं. मी रागिणीला विचारलं नाही. तिनंही मला विचारलं नाही. मी दिवसातून दोनदा माठ भरायला लागलो, एवढंच.

रविवारी परीक्षेचं केंद्र शहराबाहेरच्या एका कॉलेजात होतं. फाटकावर पोरींच्या कानातलं, केसातल्या पिना काढून घेत होते. आईबाप बाहेर. रागिणीनं आत जाताना एकदा मागं वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला. मग आत गेली.

फाटकासमोर कडुलिंबाचं एक झाड होतं आणि त्याच्याभोवती सिमेंटचा ओटा. सगळ्यांना सावली पाहिजे होती, त्यामुळे दाटी. मी आधी गेलो म्हणून मला जागा मिळाली. आजूबाजूला बहुतेक बायाच. कोणी धारणीहून पहाटेच्या जीपनं आलेली, कोणी अचलपूरची, कोणी इथंच दोन वर्षांपासून खोली घेऊन राहिलेली. कोणाच्या नवऱ्याची बदली, कोणाचा नवरा शेतावर. त्यांच्या बोलण्यात मला पंचफुलाच ऐकू येत होती.

थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की एवढ्या दाटीतही माझ्या डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा रिकामी आहे. मी सरकून बसलो नव्हतो. तिथं कोणी बसलंच नव्हतं. मग एक बाई आली, डोक्यावर ओला दुपट्टा, हातात पिशवी. तिनं त्या जागेकडे बोट करून विचारलं, "भाऊ, इथं कोणी हाय का?"

मी हो म्हटलं.

ती बाई दुसरीकडे गेली. मी त्या बाजूला पाहिलं नाही. पेपर सुटेपर्यंत समोर फाटकाकडेच पाहत बसलो. डावा हात मात्र ओट्यावर टेकवून ठेवला.

घंटा झाली तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. पोरं बाहेर यायला लागली. काही रडत होती. रागिणी शेवटी शेवटी आली. मी पाण्याची बाटली पुढं केली. तिनं घोटभर पाणी घेतलं. दमली होती, ओटा आता बराच रिकामा झाला होता. ती माझ्या डाव्या बाजूला आली आणि उभीच राहिली. बसली नाही.

मी विचारलं, कसा गेला पेपर. ती म्हणाली, बरा गेला. मागच्या वेळेपेक्षा बरा. मग म्हणाली, "आई आत नव्हती, बाबा. एका जागी अडली मी. वाट पाह्यली. मंग माही मीच विचारलं अन् मीच सांगितलं."

मी मान हलवली.

"आता भरा घागर. उद्या जाऊ गावाले. आत्यालेबी बोलवू."

"आता नाही भरता येत."

"काहून?"

"आखाजीलेच भरतात. आता पुढच्या."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मी पाहत होतो. तिच्या तोंडावरचा परीक्षेचा थकवा गेला आणि तिथं दुसरं काही आलं.

"म्हणजे वरीसभर?"

"हो."

"तुमाले माईत होतं?"

"हो."

"अन् आईले?"

मी सांगितलं की तिलाही माहीत असणार, तिनं स्वतः किती जणांच्या घागरी भरल्या होत्या. आम्ही ऑटो पाहायला रस्त्यावर आलो. डांबर पायाखाली मऊ लागत होतं. बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी होतं. पी, म्हटलं मी, घसा सुकला असंन. तिनं झाकण लावलं आणि राजापेठेत पोचेपर्यंत बाटली तशीच मांडीवर धरून ठेवली.